पुरावा जातो कुठे?

दर पंधरा दिवसांनी तरी पेपरच्या आतल्या पानावर एक छोटीशी बातमी असते. चार-सहा ओळींची. ‘अत्याचार प्रकरणातील आरोपीची सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता.’ चहा पिता पिता आपण ती वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. बातमीत आरोपीचं नाव असतं, त्याच्या वकिलाचं तर हमखास असतं. नसतं ते एवढंच, की पुरावा मुळात होता का, आणि होता तर गेला कुठे?

मी नागपूरच्या सदरमध्ये राहते. आमच्या मंगळवारी बाजारातून निघालं की सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टाची ती भव्य दगडी इमारत फार दूर नाही. लग्न होऊन आले तेव्हा या इमारती नुसत्या बाहेरून बघायच्या असतात असंच वाटायचं. मग वस्तीतल्या बायकांबरोबर पोलीस स्टेशनला, दवाखान्यात, कोर्टात जाणं सुरू झालं. ‘ताई, तुम्ही नुसत्या बसा सोबत,’ एवढंच त्यांचं मागणं. असं नुसतं बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. निकालाच्या दिवशी सगळ्यांचे डोळे न्यायाधीशाच्या खुर्चीकडे असतात. पण बहुतेक खटले त्या खुर्चीसमोर यायच्या कितीतरी आधीच हरलेले असतात. कुठे पहिल्या रात्री, कुठे पहिल्या कागदावर.

एक मात्र आधीच सांगते. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, हे मला मान्य आहे. उद्या आपल्याच मुलावर, भावावर कोणी खोटा आळ घेतला तर आपण याच नियमाचा आधार घेऊ. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. हा संशय पुष्कळदा आपोआप तयार होत नाही. आळसाने, उशिराने, कधी पैशाने तो तयार केला जातो. आणि त्याची किंमत बाई मोजते.

याची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या विदर्भातलीच आहे. नव्या पिढीच्या मुलींना ती ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२६ मार्च १९७२ची रात्र. गाव देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत येतं. मथुरा नावाची एक अनाथ, मजुरी करणारी आदिवासी मुलगी भावाजवळ राहत होती. जिथे कामाला जायची, त्या घरच्या नात्यातल्या एका मुलाशी तिचं जुळलं. भावाला ते पटलं नाही. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. म्हणून सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब वगैरे झाले, वरिष्ठ हवालदार घरी गेला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मथुरेला आत थांबवलं. गणपत आणि तुकाराम असे दोन पोलीस तेव्हा ठाण्यात होते. गणपतने आपल्यावर बलात्कार केला आणि दारू प्यालेल्या तुकारामने अंगाशी झटापट केली, असं मथुरेने सांगितलं. बाहेर भाऊ उभा, नातलग उभे. आतले दिवे बंद, दारं बंद. गावकरी जमले, ठाणं पेटवून देतो म्हणाले, तेव्हा कुठे फिर्याद लिहून घेतली गेली.

आता पुराव्याचं काय झालं ते बघा. डॉक्टरांनी तिला तपासलं ते दुसऱ्या दिवशी रात्री आठला. म्हणजे जवळजवळ वीस तासांनी. अंगावर जखम आढळली नाही. डॉक्टरांनी वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलगी सोळाच्या आतली ठरली असती, तर संमती होती की नव्हती हा प्रश्नच उरला नसता. पण ते वय कोर्टात सिद्ध झालं नाही. जन्माचा एक कागद! मजुराच्या अनाथ पोरीचा जन्म कोण नोंदवून ठेवतो? तपासणीच्या अहवालात तिच्या शरीराबद्दल जे लिहिलं गेलं, त्यावरून तिला ‘सवय’ होती असा अर्थ काढण्यात आला. खटला दोन पोलिसांवर आणि तपासलं जातंय मथुरेचं चालचलन!

१ जून १९७४ला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडलं. ही मुलगी धडधडीत खोटारडी आहे, जे झालं ते तिच्या मर्जीने झालं, असा त्या निकालाचा सूर होता. अपिलात प्रकरण आमच्या या नागपूर खंडपीठापुढे आलं. १९७६मध्ये खंडपीठाने निकाल फिरवला. गणपतला पाच वर्षं आणि तुकारामला एक वर्ष सक्तमजुरी झाली. भीतीने, नाइलाजाने शरीर सोडून देणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठाने म्हटलं. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर अनोळखी पोलीस. अशा ठिकाणी ती मुलगी स्वतःहून त्यांच्या मागे लागेल का, हा साधा विचार त्यात होता. तुमच्या-माझ्यासारख्या बाईला जो पहिल्यांदा सुचेल, तोच.

पण सप्टेंबर १९७८मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, भाऊ बाहेर असताना हाक मारली नाही. म्हणजे हे सगळं शांतपणे घडलं. शिवाय तुकारामबद्दल फिर्यादीत आलेलं आणि साक्षीत आलेलं यात फरक होता. हा फरकाचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. फिर्याद मथुरेने लिहिली नव्हती. ती ठाण्यातच लिहून घेतलेली होती, आणि आरोपी त्याच ठाण्याचे पोलीस होते.

पुढचं बऱ्याच जणींना माहीत असेल. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मान तुकवणं आणि मान्य करणं यात फरक असतो, हे त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावून सांगावं लागलं. १९८०च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्या नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न हाती घेतला. मथुरेचा निकाल काही बदलला नाही. कायदा बदलला, तोही १९८३मध्ये. पोलिसांच्या किंवा कोणत्याही अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तसं गृहीत धरावं, असा नियम आला. पीडितेची ओळख छापायची नाही, सुनावणी बंद दाराआड घ्यायची, हेही तेव्हाचंच. बाईच्या ‘चारित्र्यावर’ उलटतपासणी करायची मुभा देणारं कलम जायला २००२ उजाडलं. बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही, हे तर कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं २०१३मध्ये. वडशाच्या त्या रात्रीनंतर एक्केचाळीस वर्षांनी!

कायदा इतका सुधारला, मग आता सगळं ठीक असेल ना? तसंही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९मध्ये बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांपैकी २७.८ टक्के खटल्यांतच शिक्षा झाली. म्हणजे चारातल्या जेमतेम एका खटल्यात. हा देशाचा आकडा आहे. बाकीचे सगळे आरोपी खरोखर निर्दोष होते असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. कोर्टाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या माझ्यासारखीला ते पटणार नाही.

आता दुसरी गोष्ट. ती आमच्या घरापासून काही किलोमीटरवरची. उत्तर नागपुरात जरीपटक्याच्या बाजूला कस्तुरबानगर नावाची वस्ती आहे. बहुतेक दलित, कष्टकरी कुटुंबांची. भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव नावाच्या गुंडाची तिथे दहा-बारा वर्षं दहशत होती. खंडणी, मारहाण, घरात घुसून बायका-मुलींवर अत्याचार. वस्तीतल्या बायका सांगतात, तक्रार द्यायला गेलं की तक्रार घेतली जायची नाही. उलट कोण तक्रार करायला आली होती हे त्याच्यापर्यंत पोहोचायचं. अटक व्हायची, जामीन व्हायचा, तो पुन्हा गल्लीत हजर. जामीन झालेला माणूस पहिल्यांदा कुठे जातो? जिने तक्रार केली तिच्या दारात. मग पुढच्या वेळी कोण बोलणार?

बोलली ती उषा नारायणे. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, वस्तीतलीच मुलगी. शेजारणीच्या बाजूने तिने तोंड उघडलं म्हणून टोळीने तिच्या घराला वेढा घातला. तिने गॅस सिलिंडर उघडून काडी हातात धरली आणि ‘आत आलात तर सगळ्यांना घेऊन मरेन’ म्हणाली, हे त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. वस्ती चवताळली, अक्कूचं घर पाडलं. तो पोलिसांच्या आश्रयाला गेला.

आणि मग १३ ऑगस्ट २००४. त्याला जिल्हा न्यायालयात आणलं होतं. तो पुन्हा सुटणार, अशी कुणकुण वस्तीला लागली. दुपारी वस्तीतल्या बायका तिखटाची पूड आणि घरातल्या सुऱ्या घेऊन कोर्टात शिरल्या. कोर्ट क्रमांक सातमध्ये, भर दुपारी, पोलिसांदेखत काही मिनिटांत तो संपला. दोनशेच्या आसपास बायका होत्या म्हणतात. पाच जणींना अटक झाली तेव्हा बाकीच्या म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनीच केलं, आम्हा सगळ्यांना धरा. नागपूरच्या शंभराहून जास्त वकिलांनी या बायकांना आरोपी न मानता पीडित मानावं, असं म्हटलं.

त्या दिवसांत भिशीत, हळदीकुंकवात, बसस्टॉपवर दुसरा विषय नव्हता. ‘बरं झालं!’ हेच जिच्या तिच्या तोंडी. आजही ही गोष्ट निघाली की टाळ्या पडतात. त्यावर सिनेमे आले, मालिका आल्या. मला त्या बायकांना दोष द्यायचा नाही. दहा वर्षं ज्यांचं कोणी ऐकलं नाही, त्यांना आपण घरात बसून काय शिकवणार? पण टाळ्या वाजवताना माझा हात थांबतो. आरोपी मेला की त्याच्यावरचे खटले बंद होतात. म्हणजे कस्तुरबानगरच्या ज्या ज्या बाईवर अत्याचार झाला, तिच्या बाबतीत ‘हो, हे घडलं आणि याने केलं’ असं कोर्टाच्या कागदावर आता कधीच उमटणार नाही. तक्रारी कोणी दाबल्या, हा प्रश्नही त्या दिवशीच्या गोंधळात मागे पडला. ज्यांनी कागद हलवला नाही, त्यांच्यासाठी हा शेवट सोयीचाच झाला की!

आणि अक्कूच्या खुनाचा खटला? तो दहा वर्षं चालला. नोव्हेंबर २०१४मध्ये सत्र न्यायालयाने अठरा आरोपींना सोडलं. पुराव्याअभावी. भर कोर्टात, भर दिवसा, शेकडो माणसांसमोर झालेला खून, आणि पुरावा नाही. या वेळी निकाल ऐकून वस्तीला हायसं वाटलं असेल. मला मात्र ‘पुराव्याअभावी’ हा शब्द तेव्हापासून जास्तच भीतीदायक वाटतो. तो काही घडलं की नाही हे सांगत नाही. कोणी बोलायला तयार होतं की नाही आणि कोणाला शोधायचं होतं की नाही, एवढंच सांगतो.

पहिले काही दिवस कसे घालवले जातात याचं आणखी एक उदाहरण शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं गावातल्या जमावाने मारून टाकली. बाप भैय्यालाल तेवढे वाचले. पहिलं शवविच्छेदन इतकं वरवरचं झालं, की पुरलेले मृतदेह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तोवर मातीने आपलं काम केलं होतं. अत्याचाराचा पुरावा शोधायची जी वेळ होती ती निघून गेलेली. पुढे सीबीआय आली. २००८मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१०मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. खून सिद्ध झाले. पण बायकांवरचा लैंगिक अत्याचार सिद्ध झाला नाही, आणि अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही लागला नाही. फाशी हवी की नको, यात मला पडायचं नाही. मला खुपतं ते हे, की त्या माय-लेकींचं नेमकं काय झालं हे कायद्याच्या भाषेत सांगायची संधी पहिल्या आठवड्यातच गेली. भैय्यालाल २०१७च्या जानेवारीत वारले.

ही झाली गाजलेली प्रकरणं. न गाजलेली तर गल्लोगल्ली आहेत. एका बाईबरोबर मी अनेक तारखांना गेले. तिचं नाव, गाव, ठाणं काही सांगत नाही. धुणीभांडी करणारी. ती कामाला जायची त्या भागातल्याच एका माणसाने प्रसंग केला. घरी आली तर सासूने आधी अंघोळ घालायला लावली आणि कपडे भिजवले, ‘घाण घरात नको’ म्हणून. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. ते ओलसर कपडे पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेले. ओले कपडे प्लास्टिकमध्ये कुजतात, हे आपल्याला पावसाळ्यात कळतं. तिथे कोणाला कळू नये? प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक महिने लागले आणि आला तेव्हा त्यात हाती लागण्यासारखं काही नव्हतं. पंच म्हणून घेतलेले दोघं चहाच्या टपरीवरचे. कोर्टात एक जण सरळ म्हणाला, ‘साहेबांनी सही कर म्हटलं, मी केली. कपडे काही पाह्यले नाही.’ झालं. पंचनामा गेला.

मग तारखा. आरोपीचा वकील आजारी. सरकारी वकिलांची बदली. साक्षीदाराला समन्सच पोहोचलं नाही. न्यायाधीश रजेवर. दर वेळी ती बाई पदराने घाम पुसत जिना उतरायची आणि म्हणायची, ‘ताई, पुन्हा तारीखच भेटली.’ दर तारखेला दोन घरची कामं बुडायची, एका घरचं तर कायमचं सुटलं. चौथ्या वर्षी तिची साक्ष लागली. चार वर्षांपूर्वी कोणत्या बाजूने आला, हातात काय होतं, घड्याळात किती वाजले होते, असे प्रश्न. तुम्हाला गेल्या महिन्यातल्या मंगळवारी कोणती भाजी केली होती ते आठवतं का? तिने एक वेळ चुकवली, ती फिर्यादीशी जुळली नाही. ‘विसंगती’ म्हणून ती निकालात आली. शेजारीण साक्षीदार होती, ती तर आधीच फिरली होती. फितूर झाली म्हणून आपण तिला शिव्या देतो. पण आरोपीच्या भावाची चाळ आणि ती त्यात भाडेकरू, हे कोर्टाच्या कागदावर कुठे असतं?

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा केला. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. साक्षीदाराला धमकी येत असेल तर तसा अर्ज करता येतो. पण मी ज्या ज्या साक्षीदार बायकांना हे विचारलं, त्यातल्या एकीलाही कोणी हे सांगितलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ही सगळी कहाणी ऐकून ‘कशाला त्या भानगडीत पडायचं’ असं वाटणं साहजिक आहे. सुटणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. म्हणून काही कामाच्या गोष्टी सांगते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे नवे कायदे आले आहेत, त्याप्रमाणे.

असा प्रसंग आपल्या घरात, शेजारी, वस्तीत घडला तर कितीही किळस वाटली तरी अंघोळ नको, कपडे धुणं नको. कपडे कोरडे करून कागदात किंवा कागदी पिशवीत ठेवायचे. आधी दवाखान्यात जायला हरकत नाही. सरकारी असो की खासगी, उपचार फुकट द्यावेच लागतात. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणणाऱ्या दवाखान्यावरच गुन्हा होऊ शकतो. तक्रार झाल्यावर चोवीस तासांत वैद्यकीय तपासणीला पाठवणं पोलिसांना बंधनकारक आहे. मथुरेच्या वेळची ती अपमानास्पद दोन बोटांची तपासणी तर करायचीच नाही. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्यावर पुन्हा स्पष्ट बंदी घातली.

‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. लिहून झाला की लगेच सही करू नका. मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वेळ, ठिकाण, नाव यात एक शब्द जरी वेगळा असला तरी तिथेच बदलून घ्या. समोरचा वैतागेल, वैतागू दे. पाच वर्षांनी त्याच एका शब्दावर वकील तुम्हाला खोटारडी ठरवणार आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. तक्रार घेतलीच नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, पोचपावती जपून ठेवायची, आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. जप्ती आणि पंचनाम्याचं मोबाईलवर का होईना, चित्रीकरण करणं आता कायद्यात आहे. ते केलं का, हे विचारा. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. पण तुम्ही विचारलं तर त्यांना आठवतं, हा माझा अनुभव.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, हे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, नवऱ्याची किंवा तिची कमाई कितीही असो. खटला सरकारी वकील चालवतात हे खरं, पण आपला वकील त्यांना मदतीला देता येतो. दोनशे फायलींच्या ढिगात आपली फाईल कोणीतरी आधी वाचून आलेला असणं, याने किती फरक पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मुलींच्या जन्माचे दाखले काढून ठेवा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, जन्मनोंदीत तीन वेगवेगळ्या तारखा असतील तर आजच दुरुस्त करून घ्या. हे ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. मथुरेच्या बाबतीत किरकोळ नव्हतं.

एक शेवटची गोष्ट तर फारच थोड्या जणींना माहीत असते. आरोपी सुटला तर पूर्वी अशा पोलीस केसमध्ये सरकारच अपील करायचं. सरकारने केलं तर केलं, नाही तर विषय संपला. १९७४मध्ये मथुरेला स्वतः काही करता आलं नसतं. २००९च्या अखेरीपासून पीडितेला स्वतः अपिलाचा हक्क मिळाला आहे. आरोपी सुटला तरी, कमी कलमाखाली दोषी ठरला तरी, भरपाई कमी मिळाली तरी. नव्या कायद्यातही तो कायम आहे. वर सांगितलेल्या त्या बाईला निकालाच्या दिवशी कोणीच हे सांगितलं नव्हतं. सगळे आपापली पिशवी उचलून निघाले होते. अपिलाला मुदत असते, म्हणून निकाल विरुद्ध लागला तर रडू आवरून, घरी जायच्या आधी नक्कल विभागाच्या खिडकीवर जायचं आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकायचा. मग ती प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणात. हायकोर्टातही त्यांची समिती असते, तिथला वकीलही मोफतच मिळतो. आमच्या विदर्भातल्या बायकांसाठी ती समिती इथेच, नागपूर खंडपीठात आहे.